सक्ती नेमकी कोणावर?

वाचकांचे प्रश्न : या अंकाचा विषय – शिक्षणाचा हक्क

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. शिक्षण हा मानवी हक्क आहे, असे नोकरीच्या काळात शेकडो वेळा ऐकले आणि मुलांना सांगितलेही. परंतु हा हक्क नेमका कोठे लिहिलेला आहे, संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात की आपल्या राज्यघटनेत, आणि न्यायालयात गेल्यास यांपैकी कशाचा आधार चालतो, हे कोणी नीट सांगितले नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : तो दोन्हीकडे लिहिलेला आहे, मात्र दोन्हीकडच्या शब्दांचे वजन सारखे नाही, आणि तो दोन्हीकडे एकाच वेळी लिहिला गेला असेही नाही. 1948 च्या हिवाळ्यात तर मोठा चमत्कारिक योग जुळून आला होता.

आपल्या घटनेच्या मसुद्यातील अनुच्छेद 36 ची सुरुवात, प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्कदार आहे, अशा आशयाच्या शब्दांनी होत होती. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीच्या शिक्षणाची तरतूद करण्याचा राज्य प्रयत्न करील, हा भाग त्यापुढे होता. 23 नोव्हेंबर 1948 रोजी हा अनुच्छेद संविधान सभेपुढे आला, तेव्हा लक्ष्मीकांत मैत्र यांनी सुरुवातीचे हक्कदारीचे शब्द वगळण्याची दुरुस्ती मांडली. त्यांचा युक्तिवाद तांत्रिक होता आणि चुकीचा नव्हता : हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात आहे, तो भाग न्यायालयातून अमलात आणता येत नाही, तेव्हा तेथे हक्काची भाषा विसंगत ठरते. दुरुस्ती मान्य झाली. हक्क गेला आणि प्रयत्न राहिला. यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, 10 डिसेंबर 1948 रोजी, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा संमत झाला. प्रत्येकाला शिक्षणाचा हक्क आहे आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे व निदान त्या पातळीवर तरी मोफत असावे, असे त्याचा अनुच्छेद 26 म्हणतो. जाहीरनाम्याच्या बाजूने मत देणाऱ्या देशांत भारत होता.

संविधान सभेच्या त्याच चर्चेतील आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ‘शिक्षण’ या शब्दाऐवजी ‘प्राथमिक शिक्षण’ असे घालावे, अशी सूचना नझिरुद्दीन अहमद यांनी केली होती. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास मनाई करणारा अनुच्छेद मसुद्यात आहे. मुलाला कामावर ठेवायचे नसेल, तर त्या वयापर्यंत त्याला कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत गुंतवून ठेवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. चौदा हा आकडा कोठून आला, असे अनेक वाचक विचारतात. त्यांच्यासाठी उत्तर येथे आहे : शाळेचे वय आणि मजुरीबंदीचे वय एकमेकांना बांधून घेतलेले आहे.

पुढे हा अनुच्छेद 45 व्या क्रमांकावर आला. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मुदत घालून दिलेले हे एकमेव तत्त्व होते, आणि ती मुदत 1960 च्या जानेवारीत संपली. मुदत संपली म्हणून कोणाला न्यायालयात जाता येत नव्हते.

न्यायालयाचा दरवाजा उघडला तो प्राथमिक शाळेच्या नव्हे, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुल्कावरून, हे जरा अनपेक्षित वाटेल. कर्नाटकात सरकारी जागेवरील विद्यार्थ्याला वर्षाला 2,000 रुपये, सरकारी जागेबाहेरच्या कर्नाटकातील विद्यार्थ्याला 25,000 रुपये आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला 60,000 रुपयांपर्यंत शुल्क, असे दर होते. त्यांना दिलेल्या आव्हानातून 1992 चा मोहिनी जैन खटला उभा राहिला. अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्कातच शिक्षणाचा हक्क सामावलेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले, आणि तेही कोणत्याही पातळीची मर्यादा न घालता. ते फार झाले, हे पुढच्या वर्षी न्यायालयाच्याच लक्षात आले. फेब्रुवारी 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हक्काला आकार दिला : चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत शिक्षण हा मूलभूत हक्क, आणि त्यानंतर राज्याच्या आर्थिक कुवतीनुसार. मार्गदर्शक तत्त्वातील वयोमर्यादा अशा रीतीने मूलभूत हक्काच्या आत आली.

संसदेने यावर शिक्कामोर्तब करण्यास आणखी नऊ वर्षे घेतली. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 21 (क) आला. त्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण राज्याने द्यावयाचे आहे, ‘राज्य कायद्याने ठरवील अशा रीतीने’. या शेवटच्या शब्दांची किंमत पाहा. शिक्षणहक्काचा कायदा झाला 2009 मध्ये, आणि घटनादुरुस्ती व कायदा हे दोन्ही प्रत्यक्ष अमलात आले 1 एप्रिल 2010 रोजी. मूलभूत हक्क घटनेच्या पुस्तकात छापलेला आहे, पण अजून लागू झालेला नाही, अशा अवस्थेत सात वर्षांहून अधिक काळ गेला. त्या दुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलेही हक्कातून बाजूला काढली. उन्नीकृष्णन निर्णयात जन्मापासून चौदापर्यंत असा अर्थ निघत होता. माझ्या मते ही घट होती, वाढ नव्हे.

आता आंतरराष्ट्रीय बाजू. 1948 चा जाहीरनामा हा करार नव्हे. बंधन येते ते आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या 1966 च्या करारातून (अनुच्छेद 13), ज्यात भारत 1979 मध्ये सामील झाला, आणि बालहक्कांच्या 1989 च्या करारातून (अनुच्छेद 28 व 29), जो भारताने डिसेंबर 1992 मध्ये स्वीकारला. आपल्याकडे करार आपोआप कायदा होत नाही. मात्र देशी कायद्याशी विरोध येत नसेल तेथे न्यायालये घटनेचा अर्थ लावताना करारांचा आधार घेतात. व्यवहारातले उत्तर हवे असेल तर ते असे : याचिकेत पहिला आधार अनुच्छेद 21 (क), दुसरा 2009 चा कायदा, आणि करार त्यांच्या पाठीशी. केवळ जाहीरनाम्याच्या बळावर एका मुलालाही शाळेत प्रवेश मिळणार नाही.

प्रश्न : कायद्याचे नावच ‘मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’ असे आहे. मग मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांवर कारवाई का होत नाही? आमच्या वस्तीत असे दोन-तीन पालक आहेत. – एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : ‘सक्ती’ हा शब्द वाचला की आपल्याला पालक दिसतात, याला आपला इतिहास कारण आहे. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्ती सुरू करून 1906 मध्ये ती सगळ्या बडोदे संस्थानात नेली. गोखल्यांनी 1911 मध्ये आणलेले विधेयक स्थानिक संस्थांना सक्तीचा अधिकार देऊ पाहत होते आणि तेही केवळ सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरते. तरीही पुढच्या वर्षी ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात कायदा केला, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळच्या मजुराला एक रुपया काही हलका नव्हता.

2009 च्या कायद्याने हा रोख बदलला. ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणजे काय, हे कलम 8 मध्येच सांगितले आहे : मुलाला शिक्षण उपलब्ध करून देण्याचे, त्याचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे यांची खात्री करण्याचे शासनावरील बंधन. कलम 9 तेच बंधन स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेवर घालते. पालकांविषयी कलम 10 आहे. मुलाला शाळेत घालणे हे त्यांचे कर्तव्य असल्याचे ते सांगते, परंतु कर्तव्य न पाळल्यास शिक्षा काय, याविषयी एक अक्षरही काढत नाही. घटनेच्या अनुच्छेद 51 (क) मध्येही हे कर्तव्य आहे, त्यालाही दंड जोडलेला नाही. ही चूक राहून गेलेली नाही. दारिद्र्यामुळे शाळा सुटते तेथे दंड बसवला, तर तो मुलाच्या ताटातूनच वसूल होतो.

तेव्हा आपल्या वस्तीतील त्या दोन-तीन घरांविषयी अर्ज करायचा असेल, तर तो पालकांविरुद्ध न करता महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे करावा : ‘ही मुले शाळाबाह्य आहेत; कलम 9 खाली आपण काय केले?’ अर्जाची पोच जरूर घ्यावी.

प्रश्न : आमच्या तांड्यावरची बहुतेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. माझा भाऊ आणि भावजय या वर्षी साताऱ्याकडच्या एका कारखान्याच्या टोळीत आहेत. तेथील एका शाळेत पुतण्याला नेले, तर मुख्याध्यापकांनी आधी दाखला आणा, आधार आणा, आणि आता नोव्हेंबर उजाडला, जूनमध्ये या, असे सांगितले. कायदा काय म्हणतो? – एक वाचक, जि. बीड

उत्तर : मुख्याध्यापकांनी सांगितलेल्या तीनही कारणांना कायद्यात उत्तर आहे, आणि आपल्या पुतण्याच्या बाजूने आहे.

दाखल्याविषयी कलम 5 पाहावे. कोणत्याही कारणाने एका शाळेतून दुसरीकडे जावे लागले, मग ते राज्यात असो वा राज्याबाहेर, तर शासकीय वा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा मुलाला हक्क आहे. आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला तात्काळ द्यावयाचा आहे, अन्यथा त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. म्हणजे आधी मुलगा वर्गात बसेल, कागद मागून येईल.

वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम 14 म्हणते. अंगणवाडीतील किंवा दवाखान्यातील नोंद चालते. काहीच नसेल तर पालकाचे घोषणापत्र. आधारविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात स्वच्छ सांगितले आहे : सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, ते सरकारने दिलेले ‘अनुदान’ किंवा ‘लाभ’ नव्हे, म्हणून शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही. शाळांना ऑनलाइन नोंदीसाठी आधार क्रमांक भरावा लागतो आणि तो नसला की वरून विचारणा होते, ही मुख्याध्यापकांची अडचण खोटी नाही. पण ती कार्यालयाची अडचण आहे; तिचा भार मुलाने का सोसावा?

राहिला नोव्हेंबर. मुदत उलटल्यानंतर आले तरी प्रवेश नाकारता येणार नाही, हे कलम 15 मध्ये आहे. मूल मागे पडले असेल तर त्याला वयाला साजेशा वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यावयाचे, हे कलम 4 मध्ये आहे. आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची खात्री करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य असल्याचे कलम 9 च्या उपकलमात वेगळे नमूद केलेले आहे. तात्पर्य, तो मुलगा बीड जिल्हा परिषदेचा की सातारा जिल्हा परिषदेचा, हा वाद त्या दोघींनी घालावा. तो ज्या गावाच्या हद्दीत कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतो, तेथील शाळेला त्याला घ्यावेच लागेल.

ऊसतोडीच्या अर्थकारणाकडे डोळेझाक करून ही कलमे वाचली, तर मात्र ती पोकळ वाटतील. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली जाते ती ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. दोघेही पहाटे फडात गेल्यावर कोपीत धाकट्याला कोण सांभाळणार? थोरली बहीण. मोळ्या बांधायला, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करायला दहा-बारा वर्षांचे हात लागतातच. बालमजुरी कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास पूर्ण बंदी केली, पण कुटुंबाला मदत करण्याची सवलत ठेवली, आणि तीही केवळ शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. हंगामाचे पाच-सहा महिने ज्या मुलाचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्याच्यासाठी ‘शाळेच्या वेळेनंतर’ याचा अर्थ काय? शाळेचे वय आणि मजुरीबंदीचे वय जेथे बांधून घेतले होते, तेथील गाठ या एका सवलतीने सैल केली, असे मला वाटते.

दोन मार्ग सुचवतो. आजी-आजोबा गावी राहत असतील, तर आपल्या गावी हंगामी वसतिगृहाची योजना सुरू आहे का, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारावे. या योजनेत मुलांची गावीच सोय करून त्यांची मूळ शाळा चालू ठेवली जाते. मुलाला बरोबर नेले असेल, तर गावच्या शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घेऊन ते नव्या शाळेत द्यावे आणि प्रवेशाचा अर्ज लेखी करावा. तोंडी नकाराविरुद्ध कोठेच दाद लागत नाही. लेखी नकार मिळाला, किंवा अर्जाला उत्तरच आले नाही, तर कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तीन महिन्यांत गाळपाचा निम्मा हंगाम संपतो, हे मला दिसते आहे. म्हणून तक्रारीत ‘अंतरिम प्रवेश द्यावा’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घालावे.

प्रश्न : माझ्या मुलीला 25 टक्के कोट्यातून एका खासगी इंग्रजी शाळेत सोडतीने प्रवेश मिळाला आहे. शाळा ‘उपक्रम शुल्क’ म्हणून रक्कम मागते. मध्यंतरी सरकारने हा कोटाच बंद केला, असेही ऐकले होते. आमचा प्रवेश सुरक्षित आहे ना? – एक पालक, पुणे

उत्तर : प्रवेश सुरक्षित आहे. आपण जे ऐकले ते अर्धे खरे होते. कलम 12 नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिल्या वर्गातील किमान 25 टक्के जागा वंचित व दुर्बल गटांतील मुलांना देऊन त्यांचे शिक्षण आठवीपर्यंत मोफत करावयाचे असते. खर्चाची ठरावीक प्रतिपूर्ती शासन करते. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2012 मध्ये दोन विरुद्ध एक मताने वैध ठरवली. महाराष्ट्र शासनाने 9 फेब्रुवारी 2024 रोजी नियम बदलले आणि शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना या जबाबदारीतून वगळले. शहरांत एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा नसेल अशी जागा शोधावी लागते, त्यामुळे कोटा कागदावर राहून व्यवहारात संपला असता. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी तो रद्दच केला. संसदेने कायद्यात दिलेला हक्क राज्याला नियमांच्या आडून काढून घेता येत नाही, हा त्यातला मुद्दा. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

शुल्काबाबत कलम 3 चे शब्द जसेच्या तसे शाळेला दाखवावेत : मुलाला प्राथमिक शिक्षण घेण्यापासून व पूर्ण करण्यापासून रोखू शकेल असे कोणतेही शुल्क, आकार वा खर्च देण्यास मूल बांधील नाही. नाव ‘उपक्रम’ ठेवल्याने शुल्काची जात बदलत नाही. शाळेला प्रतिपूर्तीची रक्कम शासनाकडून वर्षानुवर्षे मिळालेली नाही, अशी तक्रार संस्थाचालक करतात आणि ती बऱ्याचदा रास्त असते. पण तो शाळा व शासन यांच्यातील हिशेब आहे. कोट्यातील मुलांचा वेगळा वर्ग किंवा वेगळी वेळ ठेवण्यासही नियमांनी मनाई केली आहे. मागणी लेखी द्यावी असे शाळेला नम्रपणे सांगावे. माझा अनुभव असा, की बहुतेक मागण्या याच टप्प्यावर विरतात.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र 2014 च्या प्रमती निर्णयानुसार हा कायदा लागू नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन सदस्यांच्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका नोंदवून प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यास सांगितले आहे.

प्रश्न : आम्ही बेळगावचे. मुलांना मराठी माध्यमातून शिकवण्याचा हक्क आम्हाला आहे का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : आहे, पण त्याची धार कमी आहे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 350 (क) सांगतो, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. पुन्हा तोच ‘प्रयत्न’. 2009 च्या कायद्याचे कलम 29 ‘शक्य तेथवर’ मातृभाषा म्हणते. अनुच्छेद 30 अधिक भक्कम आहे : भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा स्थापून चालवता येतात, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरते, म्हणून कर्नाटकात मराठी भाषक त्यात बसतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम राज्याला पालकांवर लादता येत नाही, असे ठरवले. तो खटला कर्नाटकचाच होता. विरोधाभास एवढाच, की तो निकाल प्रत्यक्षात मराठी शाळांपेक्षा इंग्रजी शाळांच्या अधिक उपयोगी पडला.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची असून तिला चालता येत नाही. ती सातवीत आहे. चौदा पूर्ण झाल्यामुळे आता मोफत शिक्षणाचा हक्क राहिला नाही, असे शाळेतून सांगण्यात आले. – एक आई, जि. कोल्हापूर

उत्तर : शाळेचे म्हणणे दोन कारणांनी चुकीचे आहे. पहिले असे, की उशिरा प्रवेश घेऊन वयानुरूप वर्गात आलेल्या मुलाला चौदा वर्षांनंतरही आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिक्षण मिळते, असे कलम 4 मध्येच आहे. दुसरे अधिक महत्त्वाचे : दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याचे कलम 31 हे किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देते, आणि तो जवळच्या शाळेत घ्यायचा की विशेष शाळेत, हे मुलाच्या निवडीवर सोडते. म्हणजे आपल्या मुलीची मर्यादा चौदा नसून अठरा आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडून मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा, त्यात दोन्ही कलमांचे क्रमांक लिहावेत, आणि तिचा वर्ग वरच्या मजल्यावर भरत असेल तर तो तळमजल्यावर आणण्याची मागणीही त्याच अर्जात करावी. इमारत व परिसर दिव्यांग मुलांना वापरण्याजोगा ठेवणे, हे त्याच कायद्याने शाळेवर टाकलेले काम आहे.